छायाचित्रांतील खडे आणि दाणे



तांदूळ निवडावयास बसलेली गृहिणी सूप नेहमीं उजेडाकडे ओढून घेते. उजेड मंद असला म्हणजे खडा आणि कणी यांतील भेद डोळ्यांस कळत नाहीं. मग एक तर खडे राहून जातात, नाहीं तर खड्यांबरोबर चांगले दाणेही टाकले जातात. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो यंत्रयुगांतला आहे, परंतु त्याचें मर्म या सुपांत आलेलें आहे. अंधुक उजेडांत काढलेल्या डिजिटल छायाचित्रावर जे बारीक ठिपके उठतात, त्यांस छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात. आपण त्यास रवाळपणा म्हणूं. हा रवाळपणा काढून टाकणारीं आणि पुसट रेषांस धार देणारीं सॉफ्टवेअरें आतां घरोघरच्या संगणकावर येऊन पोंचलीं आहेत. त्यांपैकीं कोणतें घ्यावें, असें ओळखीचे लोक विचारतात. एखादें नांव सांगून मोकळें होणें सोपें आहे. परंतु नांवें बदलत राहतात, निवडण्याची कसोटी मात्र फारशी बदलत नाहीं. म्हणून ती कसोटीच आज आपल्यापुढें मांडावी असा विचार आहे.

या विषयाकडे माझें लक्ष एका चुकीमुळें वेधलें, आणि ती चूक माझी स्वतःची होती. मी शाळेंत शिक्षक होतों. २०१२ सालच्या स्नेहसंमेलनांत, सायंकाळीं मंडपांतील दोन दिव्यांच्या उजेडांत, मीं एका वर्गाचें छायाचित्र काढलें होतें. त्यांतील मागच्या रांगेंतला एक विद्यार्थी पुढें ऐन तारुण्यांत वारला. त्याच्या शाळेच्या दिवसांतलें एकही चित्र त्याच्या आईजवळ नव्हतें. तिनें तें माझ्याकडे मागितलें. मूळ चित्रांत त्याचा चेहरा नखाएवढा आणि ठिपक्यांनीं भरलेला. मीं तो मोठा करून एका नव्या सॉफ्टवेअरच्या हातीं दिला. मिनिटाभरांत ठिपके गेले आणि गुळगुळीत कांतीचा, पाणीदार डोळ्यांचा चेहरा पुढें आला. मला धन्यता वाटली. चौकट करून मीं तो त्या माउलीस नेऊन दिला. तिनें बराच वेळ पाहिलें आणि हळूच म्हणाली, “गुरुजी, फोटो लई चांगला आलाय. पन ह्यो माजा ल्योक न्हवं.”

घरीं येऊन मीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तेव्हां उलगडा झाला. पांचवींत असतां तो शाळेच्या पायरीवर पडला होता आणि डाव्या भुवईंत खोक पडून तेथें पांढरट व्रण राहिला होता. मूळ चित्रांत तो व्रण दोन-तीन ठिपक्यांएवढाच होता. सॉफ्टवेअरनें त्यास रवाळपणा समजून पुसून टाकलें होतें, भुवई अखंड करून दिली होती, आणि पापण्यांचे जे केस कॅमेऱ्यानें कधीं टिपलेच नव्हते ते आपल्या मनानें काढले होते. खडा म्हणून दाणा टाकला गेला होता, आणि वर दुसऱ्याच पोत्यांतले दाणे सुपांत आले होते.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं रवाळपणा कोठून येतो तें प्रथम पाहूं. कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा जो संवेदक असतो, तो लक्षावधि बारीक चौकटींचा बनलेला असतो. प्रत्येक चौकटीपासून चित्राचा एक बिंदु, म्हणजे पिक्सेल, तयार होतो. अंगणांत सारख्या आकाराचे हजार वाडगे मांडले आहेत अशी कल्पना करा. मुसळधार पावसांत साऱ्या वाडग्यांत जवळजवळ सारखेंच पाणी सांचतें. परंतु एक बारीकशी सर येऊन गेली, तर एका वाडग्यांत तीन थेंब तर शेजारच्यांत सात, असा प्रकार होतो. प्रकाशही असाच कणाकणांनीं येतो. त्या कणांस फोटॉन म्हणतात. एका चौकटींत सरासरीनें १०,००० फोटॉन पडत असतील, तर त्यांतील स्वाभाविक चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० चा असतो. हा शेंकडा १ झाला. तीच सरासरी १०० वर आली, तर चढउतार १० चा, म्हणजे शेंकडा १० होतो. अंधारांतलें चित्र रवाळ दिसतें तें बव्हंशीं या हिशेबानें. कॅमेऱ्याच्या विद्युत्‌रचनेची खरखर त्यांत भर घालते हें खरें. परंतु उत्तम कॅमेरा घेतला तरी हा सृष्टिनियम टळत नाहीं.

कॅमेऱ्यावरील आय.एस.ओ.चा आंकडा वाढविला कीं प्रकाश वाढतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. दूरच्या केंद्राचें गाणें क्षीण ऐकूं येत असतां रेडिओची कळ फिरवून आवाज मोठा केला, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, हें आपणां श्रोत्यांस सांगावयास नको. आय.एस.ओ. ही तशीच कळ आहे. सबब, सॉफ्टवेअर शोधण्यापूर्वीं दिवा जवळ आणणें आणि कॅमेरा तिपाईवर ठेवणें हे उपाय आधीं करावे. दृश्य स्थिर असेल तर तें लागोपाठ सोळा वेळां टिपून त्यांची सरासरी काढावी; रवाळपणा सोळाच्या वर्गमुळानें कमी होऊन चौथ्या हिश्शावर येतो. आजचे पुष्कळ मोबाईल फोन रात्रीच्या वेळीं एकाच दाबासरशीं अनेक चित्रें घेऊन तीं एकजीव करतात, तें याच तत्त्वावर.

यांतूनच आणखी एक उपयुक्त गोष्ट निघते. ६,००० पिक्सेल रुंद आणि ४,००० पिक्सेल उंच असें चित्र पडद्यावर पाहण्यासाठीं १,५०० रुंद केलें, तर मूळचे सोळा पिक्सेल मिळून नवा एक पिक्सेल होतो. सरासरी नीट घेतली गेली म्हणजे रवाळपणा येथेंही जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. याच्या उलट, तेंच चित्र इंचाला ३०० बिंदु या प्रमाणानें छापलें तर वीस इंच रुंद होईल, आणि तेव्हां मात्र प्रत्येक ठिपक्याचा विचार करावा लागेल. चित्र कोणत्या कामासाठीं हवें आहे, हा पहिला प्रश्न होय. पुष्कळांचें काम चित्र लहान करूनच भागतें. तें अवाढव्य मोठें करून पाहिल्यामुळेंच त्यांस सॉफ्टवेअरची गरज भासूं लागते.

दुसरा प्रश्न, चित्र कच्चें आहे कीं शिजलेलें. बहुतेक संवेदकांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या गाळण्यांची एक जाळी असते. कोडक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नांवें या जाळीचें पेटंट १९७६ सालीं झालें. तींत निम्म्या चौकटी हिरव्या, पाव तांबड्या आणि पाव निळ्या असतात. प्रत्येक चौकट एकच रंग मोजते. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अजमावून भरावे लागतात. हें भरण्यापूर्वींची जी फाईल, तिला ‘रॉ’ म्हणजे कच्ची फाईल म्हणतात. तींत प्रत्येक चौकटीच्या उजेडाच्या १२ बिटांनीं ४,०९६ किंवा १४ बिटांनीं १६,३८४ पायऱ्या नोंदलेल्या असतात. नेहमींच्या जेपेग फाइलींत रंग भरून, धार देऊन, थोडा रवाळपणा काढून सर्व कांहीं २५६ पायऱ्यांत बसविलेलें असतें. खडे निवडावयाचे ते तांदूळ कच्चे असतांना. भात शिजल्यावर खडा नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं, तो दांताखालींच लागतो. रंग भरतांना एका ठिपक्याचा दोष शेजारच्या पिक्सेलांत पसरतो, म्हणून ज्याचा कॅमेरा कच्ची फाईल देतो त्यानें ती ठेवावी आणि कच्च्या फाइलीवर काम करणारें सॉफ्टवेअर घ्यावें. ज्याच्याजवळ जुन्या जेपेग फाइलीच आहेत त्यानें तें सॉफ्टवेअर जेपेगवर कसें चालतें, हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आतां रवाळपणा काढण्याच्या रीती पाहूं. अगदीं जुनी रीत म्हणजे प्रत्येक पिक्सेलास शेजाऱ्यांची सरासरी देणें. हें सारवणासारखें आहे. खड्डे बुजतात, पण खालची रांगोळीही जाते. याहून चतुर रीत बुआदेस, कोल आणि मोरेल या तिघा संशोधकांनीं २००५ सालीं मांडली. पैठणीच्या पदरावरील एक मोर डागाळला असला, तर शेजारच्या डागावरून अंदाज न करतां त्याच पदरावरचे दुसरे मोर पाहावे, असें तिचें तत्त्व आहे. चित्रांत जेथें जेथें सारखा भाग सांपडेल तेथून साक्ष घ्यावयाची. या रीतींत सारी साक्ष त्याच चित्रांतली असते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरी रीत अलीकडची. स्वच्छ आणि रवाळ अशा चित्रांच्या असंख्य जोड्या दाखवून यंत्रास शिकवितात. मग नवें रवाळ चित्र पाहून तें यंत्र, याचें स्वच्छ रूप बहुधा असें असेल, म्हणून उत्तर देतें. डी.एक्स.ओ. कंपनीची ‘डीपप्राइम’ ही रीत २०२० सालीं आली, ‘अडोबी लाइटरूम’ मध्यें अशीच सोय २०२३ सालीं झाली, आणि ‘टोपाझ’ ची सॉफ्टवेअरें याच जातीचीं आहेत. पक्ष्यांचीं पिसें, वस्त्राचा पोत, झाडांची पानें यांवर यांचें काम पाहून थक्क व्हावें लागतें, आणि त्यांस नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु येथें साक्ष चित्राबाहेरून येते. जेथें कॅमेऱ्यानें थोडें तरी टिपलें आहे तेथें तिची मदत होते. जेथें कांहींच टिपलेलें नाहीं तेथें ती रचना करूं लागते. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२० सालीं ‘पल्स’ नांवाची एक रीत प्रसिद्ध केली. अत्यंत लहान, चौकटी-चौकटी दिसणाऱ्या चेहऱ्यापासून ती मोठा रेखीव चेहरा तयार करी. कोणीतरी तींत बराक ओबामा यांचें असें चित्र घातलें, आणि बाहेर एका गोऱ्या मनुष्याचा चेहरा आला. माझ्या विद्यार्थ्याची भुवई याच न्यायानें अखंड झाली होती. जगांतील बहुतेक भुवया अखंड असतात. यंत्रानें बहुसंख्येचा कौल दिला. पण आईला बहुसंख्येशीं काय करावयाचें आहे?

धार देण्याचेंही असेंच आहे. ‘अनशार्प मास्क’ ही रीत फिल्मच्या काळांतील अंधाऱ्या खोलींतून आलेली आहे. मूळ निगेटिव्हवर तिचीच एक मुद्दाम पुसट केलेली पॉझिटिव्ह प्रत ठेवून छापलें, कीं कडा उठून दिसत. संगणक तेंच आंकड्यांनीं करतो. कडेच्या काळ्या बाजूचा आंकडा ५० व उजळ बाजूचा १५० असला, तर तो कडेलगत ३० व १७० करतो. डोळ्यांस रेघ धारदार वाटते. येथें नवा तपशील कांहीं मिळत नाहीं, असलेला ठळक होतो. यास तीन कळा असतात: जोर किती, कडेपासून किती दूरपर्यंत, आणि किती फरक असल्यास कड समजावयाची. दुसरी कळ जास्त फिरविली कीं डोंगराच्या कडेस आकाशांत पांढरी किनार उमटते. तिसरी अगदीं खालीं ठेवली कीं प्रत्येक ठिपक्यास कड समजून रवाळपणासच धार चढते. म्हणून रवाळपणा आधीं काढावा, चित्र हव्या त्या आकाराचें करावें, आणि धार सर्वांत शेवटीं द्यावी.

पुसटपणा कसा झाला हें ठाऊक असलें, तर तो उलट्या गणितानें बराच मागें नेतां येतो. रिचर्ड्‌सन यांनीं १९७२ सालीं आणि लूसी यांनीं १९७४ सालीं या गणिताची एक रीत दिली. १९९० सालीं अवकाशांत सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा चुकीच्या आकाराचा निघाला, तेव्हां १९९३ च्या डिसेंबरांत दुरुस्ती होईपर्यंत शास्त्रज्ञांनीं तिच्या चित्रांवर अशाच रीती वापरल्या. आज ती रीत ‘रॉथेरपी’ नांवाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्यें आपणांसही मिळते. परंतु हात हलून वा रोख चुकून जें पार वाहून गेलें, तें कोणतीही धार परत आणीत नाहीं.

येवढ्या विवेचनानंतर निवडीचे नियम थोडक्यांत सांगतां येतील. रवाळपणा दोन प्रकारचा असतो, उजेडाचा आणि रंगाचा. आपला डोळा उजेडांतील बारकावे जितके टिपतो तितके रंगांतील टिपीत नाहीं. म्हणून रंगीत ठिपके बरेच पुसले तरी चित्राची फारशी हानि होत नाहीं, पण उजेडाचे ठिपके पुसतांना तपशील जातो. या दोहोंच्या कळा वेगळ्या आहेत असें सॉफ्टवेअर घ्यावें. परिणाम कमी करण्याची आणि एखादा भाग, विशेषतः चेहरा, वगळण्याची सोय असावी; नुसतें एक बटण दाबून जें पुढें येईल तें मुकाट्यानें घ्या, असें सांगणारें साधन कितीही झगझगीत असलें तरी दूर ठेवावें. त्यानें मूळ फाइलीस हात लावतां कामा नये. काम आपल्याच संगणकावर होतें कीं चित्र इंटरनेटवरून परक्या यंत्राकडे जातें, हेंही विचारावें. घरांतील मुलाबाळांचीं चित्रें असतां हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. शिकलेल्या यंत्राच्या रीतींस बहुधा चांगलें ग्राफिक्स कार्ड लागतें. तें नसेल तर एकेका चित्रास कित्येक मिनिटें लागूं शकतात. किंमतीचें म्हणाल, तर ‘लाइटरूम’ वर्गणीवर मिळतें, कांहीं सॉफ्टवेअरें एकरकमी विकत मिळतात, आणि ‘डार्कटेबल’, ‘रॉथेरपी’ व ‘गिम्प’ हीं तीन मुक्त असून फुकट आहेत. नवशिक्यानें या फुकट साधनांवर महिनाभर हात बसवावा. कळा ओळखीच्या झाल्या म्हणजे विकतच्या साधनानें अधिक काय मिळतें तें त्याचें त्यासच कळेल.

विकत घेण्यापूर्वीं बहुतेक कंपन्या कांहीं दिवस सॉफ्टवेअर वापरून पाहूं देतात. त्या मुदतींत कंपनीनें दाखविलेलें सुंदर चित्र न घेतां आपलेंच एक वाईट चित्र घ्यावें. माझी स्वतःची कसोटी शाळेंतली आहे. मी छापील मराठी पुस्तकाचें एक पान मंद दिव्याखालीं ठेवून दुरून टिपतों आणि तें सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करतों. आपल्या लिपींत अनुस्वाराचें टिंब असतें. यंत्राच्या दृष्टीनें तें एकटें पडलेलें काळें टिंब आणि रवाळपणाचा ठिपका यांत फारसा फरक नाहीं. ‘रंग’ याचा ‘रग’ आणि ‘वंश’ याचा ‘वश’ झाला, कीं साधन दाणे टाकीत आहे असें समजावें. ‘घ’ याचा सुबक ‘ध’ होऊन आला, तर तें आपल्या मनानें लिहीत आहे असें समजावें. हा दोष पहिल्याहून मोठा, कारण गळलेलें टिंब कळून येतें, पण सुबक खोटें अक्षर कळत नाहीं. अक्षरें थोडीं रवाळ राहिलीं तरी चालतील, पण जेवढीं होतीं तेवढीं आणि तींच राहिलीं पाहिजेत.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न आहे असेंही नाहीं. २०२४ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, किंग काउंटीच्या न्यायालयापुढें खुनाच्या एका खटल्यांत, शिकलेल्या यंत्राकडून रेखीव करून घेतलेली मोबाईलवरील चलत्‌चित्रफीत पुराव्यादाखल आली. न्यायाधीशांनीं ती नाकारली. काय घडलें याची साक्ष मूळ फीत देते. यंत्राला काय दिसावेंसें वाटलें, याची साक्ष न्यायालयास नको होती. घरांतील चित्रेंही पुढल्या पिढीपुढें साक्षच देणार आहेत. म्हणून मूळ फाईल जपून ठेवावी, आणि जें चित्र यंत्राकडून सुधारून घेतलें असेल त्याच्या नांवांत तसें लिहून ठेवावें.

त्या चौकटीचें पुढें काय झालें तें सांगून संपवितों. मीं मूळ फाईल पुन्हां काढली. या वेळीं फक्त रंगीत ठिपके पुसले, उजेडाचा रवाळपणा जवळजवळ तसाच राहूं दिला, धार अगदीं बेताची दिली, आणि चित्र फार न वाढवितां पोस्टकार्डाएवढेंच छापलें. चेहरा थोडा अंधुकच राहिला. तें घेऊन मी पुन्हां त्या घरीं गेलों. त्या माउलीनें चित्र दारापाशीं उजेडांत नेलें, डाव्या भुवईवर बोट ठेवलें, आणि कांहीं न बोलतां तें देव्हाऱ्याशेजारीं नेऊन उभें केलें. पहिली चौकट तिनें मला परत दिली. ती अजून माझ्या टेबलावर आहे, आणि नवें सॉफ्टवेअर पारखावयास बसतों तेव्हां ती मी समोर ठेवतों.